पंचेचाळिशीत जाग आली, आता दुसरा फ्लॅट की एसआयपी?

मुलांची शाळा, राहत्या घराचे हप्ते, सासऱ्यांचं ऑपरेशन हे सगळं उरकता उरकता पंचेचाळीस कधी लागलं कळलंच नाही, आणि मग एक दिवस ऑफिसात आपल्याच वयाच्या दोघांना नारळ मिळतो आणि रात्री दोन वाजता आपण मोबाईलवर लवकर रिटायरमेंट कशी घ्यायची ते शोधत बसतो. तिथे सगळी पंचविशीतली पोरं. आपल्या वयाच्या लोकांत वाद एकच, भाड्याने द्यायला दुसरा फ्लॅट घ्यायचा की इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) एसआयपी लावायची, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकत राहायची.

पुण्यात ७० लाखांचा फ्लॅट धरा, रेडी पझेशन, म्हणजे जीएसटी नाही. डाउन पेमेंट १४ लाख, वर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ४ लाख ९० हजार (बाईच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार. पंख्याचं बटण दाबायच्या आधीच १९ लाख गेले, ब्रोकर आणि किचन ट्रॉली वेगळीच. उरलेल्या ५६ लाखांचं लोन ८.५ टक्क्यांनी १५ वर्षं घेतलं तर हप्ता ५५ हजारांच्या आसपास. भाडं १८ हजार आलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स वगैरे जाऊन हातात १५, म्हणजे महिन्याला ४० हजार आपल्याच खिशातून.

आता पंचेचाळीस अधिक पंधरा किती? साठ. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा कंपनी तसंही बुके देऊन घरी पाठवणारच आहे, मग लवकर काय रिटायर झालात! हा हिशोब पस्तिशीत केला असता तर गोष्ट वेगळी होती.

तेच १९ लाख आणि महिना ४० हजार फंडात टाकले आणि सरासरी १० टक्के मिळाले (मिळतीलच असं नाही, धरून चाललोय) तर १२ वर्षांत, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी, १ कोटी ६५ लाखांच्या जवळपास होतात. फ्लॅट वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तर तेव्हा १ कोटी ४० लाखांचा, त्यातून बाकी लोन साडेसतरा लाख वजा. भाडं दरवर्षी वाढतं, त्यामुळे खरा फरक यापेक्षा कमी, पण फ्लॅटचं संडास-बाथरूम विकून मुलीची फी भरता येत नाही, फंडातून हवे तेवढेच काढता येतात. टॅक्स दोन्हीकडे १२.५ टक्के, फक्त शेअरवाल्या फंडात वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ.

आणि हुरळून जाऊ नका. १ कोटी ६५ लाखांतून वर्षाला साडेतीन टक्के काढायचे म्हटले तर महिन्याला ४८ हजार, आणि महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे २४ हजार. तेवढ्यात पूर्ण रिटायर होता येत नाही, पीएफ जोडला तर कमी पगाराची, डोक्याला शांतता देणारी नोकरी पकडता येते. माझं स्वतःचं टार्गेट आता तेवढंच आहे.

फ्लॅटची एक बाजू मात्र कबूल करायलाच हवी. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, दोन महिन्यांपूर्वी तो ४२ हजारांपाशी होता, तेव्हा मी घाबरून एसआयपी बंद केली आणि वर्षभराने वाढलेल्या भावात परत सुरू केली. फ्लॅटचा भाव रोज मोबाईलवर दिसत नाही म्हणून माणूस तो विकत नाही. आमची आई म्हणते, "भिंती तरी दिसतात गं." पण त्याच भिंतींना ओल आली की भाडेकरूचा फोन रविवारी सकाळी सात वाजता येतो, दर अकरा महिन्यांनी नवा करार, पोलिस व्हेरिफिकेशन, आणि मधला एक महिना फ्लॅट रिकामा.

नवराबायकोपैकी एकाची सरकारी पेन्शन पक्की असेल आणि गावची जमीन विकून लोन १०-१५ लाखांवर येत असेल तर खुशाल फ्लॅट घ्या. आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांनी आधी राहत्या घराचं लोन संपवावं, कंपनीबाहेरचा मेडिक्लेम घ्यावा, मग एसआयपी, आणि बाजाराची फारच भीती वाटत असेल तर थोडे पैसे व्हीपीएफमध्ये (पगारातून पीएफमध्ये स्वतःहून भरायची जादा रक्कम), २०२४-२५ ला ८.२५ टक्के मिळालेत. तरी फ्लॅटच हवा असेल तर बँकेकडून हप्त्यांचा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या ओळीतल्या तारखेसमोर स्वतःचं वय लिहून बघा.