2 इंची घडीची जिम्नॅस्टिक मॅट: तिसरी-चौथीच्या पोरांनी चार महिने तुडवल्यावर

5 पैकी साडेतीन स्टार. अर्धा कव्हरच्या चेनमुळे कापला, एक दुकानदारामुळे.

आमची झेडपीची शाळा, चोपडा तालुका, मैदान म्हणजे काळी माती, आणि 26 जानेवारीला तिसरी-चौथीच्या पोरांचं जोडीचं जिम्नॅस्टिक बसवतो असं मी मीटिंगमधे बोलून बसलो. आधी बारदान अंथरून वर ताडपत्री टाकायचो पण ते सरकतं, गोळा होतं. मग लोकवर्गणी काढून जळगावच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून चार मॅट आणल्या, 6 बाय 4 फूट, तीन घड्या, वरून रेक्झिन, एक 2,400 ला पडली.

फोम कडक आहे आणि मला तेच आवडलं. दुकानदार 4 इंची मऊ गादी गळ्यात मारत होता, "सर लहान पोरं आहेत, लागायला नको". पण भाऊ, मऊ गादीत पाय रुततो, घोटा हलतो आणि जोडीत एक हलला की दुसरा पण गेलाच. आम्ही कोणाला खांद्यावर चढवत नाही, सगळं जमिनीलगत, त्याला 2 इंच पुरतं. उड्या मारायच्या असतील तर मात्र ही घेऊ नका.

खरी परीक्षा झाली ओढीच्या तोलात. समोरासमोर उभं राहायचं, पायाचे पंजे पंज्यांना टेकवायचे, एकमेकांचं मनगट धरायचं (बोटं नाही, बोटं घामाने सुटतात) आणि दोघांनी हात सरळ ठेवून मागे झुकायचं. पोरांनी जोड्या लावल्या मैत्रीवर, म्हणजे वर्गातला सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात किडकिडीत एकत्र. बारका नुसता उचललाच जायचा आणि ओरडायचा, "मना हात सोडू नको रे भो!" मग जड पोराने कमी झुकायचं, हलक्याने जास्त, हे दोघांनी आपलं आपणच शोधलं, मला फार बोलावं नाही लागलं. पोरगा-पोरगी जोडी असली की हात धरायला लाजतात, म्हणून मी शहाणपणा करून मधे रुमाल दिला. रुमाल सुटला, दोघं धपकन मागे बसली. लागलं काहीच नाही, दोघं हसत उठली, मॅट पास. रुमाल मात्र त्या दिवसापासून बंद.

तोल तीन सेकंद धरायचा असतो पण पोरं "एकदोनतीन" एका श्वासात उरकतात. म्हणून आम्ही मोठ्याने म्हणतो, जळगाव, धुळे, नंदुरबार. नंदुरबार पूर्ण होईस्तोवर हलायचं नाही. पूर्ण क्रम असा बसला: सुरुवातीची पोज, मग आरसा म्हणजे एक करेल तसंच समोरच्याने, मग ओढीचा तोल, मग पाठीला पाठ लावून हात न टेकता बसून उठणं, मग आडव्या लोळण्या, आधी दोघं एकदम आणि मग एकामागून एक, शेवटी एक घोडा आणि दुसऱ्याचे हात त्याच्या खांद्यांवर. घोड्याच्या पाठीच्या मधोमध भार द्यायचा नाही, खांद्यावर नाहीतर कमरेच्या हाडावर, हे रोज सांगावं लागतं. बांगड्या, कडी आधी काढायची, मोजे पण.

आता तक्रारी. घडीची रेघ बरोबर तिथे येते जिथे पोरं पाय जुळवतात, अंगठा अडकतो. मी खडूने दोन पावलं काढून दिली रेघ सोडून, तेव्हा जमलं. वर्गातल्या फरशीवर मॅट घसरते, खाली जुनी सायकलची ट्यूब कापून टाकली तर थांबते. बाहेर उन्हात ठेवली की रेक्झिन असं तापतं की अनवाणी पाय ठेवता येत नाही, मार्चपासून तर सकाळी प्रार्थना झाली की लगेच उरकून घ्यायचं. आणि चेन, चारपैकी दोघींची चेन दोन महिन्यांत गेली, फोम बाहेर डोकावायला लागला. दुकानदाराला फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. शेवटी गावातल्या टेलरने 60 रुपयांत एक अशी जाड चेन लावून दिली, तो बॅगांना लावतो ती, ती अजून टिकून आहे. घेणार असाल तर दुकानातच चेन चार वेळा उघडून बंद करून बघा आणि बिल पक्कं घ्या, मी कच्च्यावर आणलं होतं.