मुलुंड पूर्वेतलं पाळणाघर: साडेचार स्टार (अर्धा का कापला ते खाली)

मुलगी वर्षाची झाली तेव्हापासून इथे जातेय, आता सांगायला हरकत नाही. चालवणाऱ्या काकूंनी नाव टाकू नकोस सांगितलंय, आधीच वेटिंग आहे म्हणे, पण पूर्वेला कुठल्याही लहान पोराच्या आईला विचारा, बरोबर पत्ता मिळेल.

सगळ्यात भारी म्हणजे टायमिंग. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, नंतर लेट फी, पण सेंट्रलची लोकल बोंबलली असेल तर काकू स्वतः एम-इंडिकेटर (लोकलचं ॲप) बघतात आणि फी लावत नाहीत, वर पोरांना मऊ भात भरवून बसवतात. कुर्ल्याच्या पुढे गाडी थांबलीये आणि सव्वासात वाजलेत, ह्यातून गेलेल्या बाईलाच कळेल हे काय सुख आहे ते.

२०१७ पासून कायद्याने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय कंपल्सरी आहे, आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाताही येतं, वाचायला छानच. पण ऑफिस लोअर परळला, म्हणजे सकाळच्या गर्दीत वर्षाचं पोर कडेवर घेऊन दादरचा ब्रिज चढायचा आणि वेस्टर्न पकडायची?? मुंबईत पाळणाघर लागतं ते घराजवळ, स्टेशनच्या वाटेवर. हे नव्हतं म्हणून आमच्या लेडीज डब्यातल्या कितीतरी जणी बाळंतपणाच्या रजेनंतर परत दिसल्याच नाहीत, आणि मग लोक म्हणणार हल्ली बायकांना घरीच बसायला आवडतं.

सरकारच्याच पीएलएफएस ह्या रोजगाराच्या सर्व्हेत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या २०१७-१८ ला २३.३ टक्के होत्या, २०२३-२४ ला ४१.७. ऐकायला मस्त, पण शहरातला आकडा बघा, २८ टक्के फक्त. वाढ जास्त गावाकडची, त्यातही बऱ्याचजणी घरच्याच शेतात नाहीतर धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या. आणि २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे कोणाचा वेळ कशात जातो त्या सर्व्हेत, घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष करतात ते ८८. (आमच्याकडे ८८ झाली तरी मी पेढे वाटेन.)

असो, पाळणाघर. जागा वन बीएचके, पण लख्ख. जेवण वरणभात, नाचणीची खीर, बिस्किटं अजिबात नाहीत. काय खाल्लं, किती झोपली सगळं वहीत लिहून देतात, एकदा तर "आज चिडचिड, दाढ येतेय बहुतेक" असं होतं, आणि खरंच दाढ होती. मदतीला दोन ताया आहेत, त्यातल्या एकीची लेक पण इथेच असते, फी न घेता, म्हणून तर ती टिकलीये.

आता अर्धा स्टार. गणपतीत काकू कोकणात जातात आणि पाळणाघर बंद. त्यांची सुट्टी हक्काचीच आहे, तक्रार ती नाही, पण बदली कोणी ठेवत नाहीत, मग रजा टाकायची कोणी तर अर्थात आईने, बाबांची मीटिंग असते ना. दुसरं म्हणजे काहीही झालं की फोन आईलाच, फॉर्मवर बाबांचा नंबर असूनसुद्धा.

फी जास्त वाटेल पण पगाराशी नाही, नोकरीतल्या पुढच्या दहा वर्षांशी लावून बघा. जूनला हवं असेल तर मार्चमध्येच जाऊन विचारा, आणि नवऱ्याला सोबत न्या, पहिला नंबर त्याचाच लिहा, काकूंसमोर.