गूल्ड की रिख्तर: पियानो कोणापासून ऐकावा?

रागदारीवर कान तयार झालेला माणूस पाश्चात्त्य पियानोकडे वळला, की लवकरच ग्लेन गूल्ड आणि स्व्यातोस्लाव रिख्तर या दोन नावांपाशी येऊन अडतो. जळगाव-धुळ्याकडच्या ओळखीच्या मंडळींनी हल्ली हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोघेही थोर, त्यात वाद नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर रोज एकच लावायचा तर कोणता, एवढंच ठरवायचं आहे.

दोघांची आयुष्यं अगदी उलट दिशांना गेली. टोरांटोच्या गूल्डने 1955 साली, बावीस वर्षांचा असताना, जर्मन संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका मूळ चिजेची निरनिराळी रूपं) ध्वनिमुद्रित केली आणि त्याचं नाव जगभर झालं. 1964 मध्ये, बत्तिशी गाठायच्या आत, त्याने मैफली कायमच्या सोडल्या. पुढची अठरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो स्टुडिओत राहिला. हवे ते टेक निवडायचे, टेप कापून जोडायची, मनासारखं होईपर्यंत सोडायचं नाही.

रिख्तरला नेमका स्टुडिओच नकोसा. जर्मन वंशाच्या त्याच्या वडिलांना 1941 मध्ये ओडेसात सोव्हिएत राजवटीने हेर ठरवून गोळ्या घातल्या. खुद्द त्याला अमेरिकेत वाजवायला 1960 उजाडलं. तरी हा माणूस म्हातारपणापर्यंत वाजवत हिंडला. 1986 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तो सायबेरियाच्या लांबलचक दौऱ्यावर निघाला आणि धड सभागृह नसलेल्या गावांतही वाजवून आला. मला हे फार भिडतं. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव आणि अशा मोजक्या जागा सोडल्या, तर मोठे कलाकार आपल्या भुसावळवरून रात्रीच्या गाडीत झोपून पुढे जातात.

अर्थात गावोगावी वाजवतो म्हणून कुणी मोठा वादक ठरत नाही. दोघांनी वाजवलेली एकच चीज ऐकून बघावी. बाखच्या अठ्ठेचाळीस प्रिल्यूड-फ्यूगचा संच (प्रिल्यूड म्हणजे आधीची छोटी चीज, फ्यूग म्हणजे एकच सुरावट अनेक ओळींत एकामागून एक येणारी रचना) दोघांनीही ध्वनिमुद्रित केला आहे, गूल्डने साठच्या दशकात सुरुवात करून आणि रिख्तरने सत्तरच्या दशकाच्या आरंभी साल्झबर्गला. पहिलाच सी मेजर प्रिल्यूड घ्या. गूल्ड त्यातले सूर सुटे सुटे टिपतो, रिख्तर ते एका श्वासात वाहू देतो. फ्यूगमधल्या तीन-चार ओळी वेगवेगळ्या ऐकू याव्यात असं वाटत असेल, तर गूल्डइतका स्वच्छ हात मी ऐकलेला नाही. साल्झबर्गच्या त्या ध्वनिमुद्रणात घुमारा जास्त आहे, खालचे सूर एकमेकांत मिसळतात. इथवर गूल्डचं पारडं जड, हे मान्य करायला हवं.

पण गूल्ड वाजवताना गुणगुणतो. ही त्याची लहानपणापासूनची सवय, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही ती काढता आली नाही. 1981 मध्ये त्याने गोल्डबर्ग पुन्हा मुद्रित केलं. त्यातला सुरुवातीचा आरिया, म्हणजे ती मूळ चीज, लावा. अतिशय संथ, एकेक सूर तोलून ठेवलेला. आणि त्याच्याखाली एक घोगरा आवाज, पियानोच्या सुराजवळ जाणारा पण सुराला न लागणारा. वडिलांनी करून दिलेली ठेंगणी खुर्ची तो कुठेही सोबत न्यायचा. तिची करकरही काही ठिकाणी ऐकू येते.

आमच्या घरी भजनी मंडळ बसायचं. पेटीला गळा लागला नाही की जुनी माणसं गाणाऱ्याकडे मान वळवून बघायची. त्या बैठकीत तयार झालेला कान बेसूर गुणगुण सोडून देऊ शकत नाही. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात रात्रीसुद्धा कूलर बंद करता येत नाही आणि त्याच्या घरघरीत स्पीकरवर हळुवार पियानो ऐकू येत नाही. मग इयरफोन लावावे लागतात, आणि इयरफोनवर ती गुणगुण थेट कानात येऊन बसते. कित्येक रसिकांना तिच्यातच गूल्डची तल्लीनता दिसते, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मला मात्र एकदा ऐकू आली की पुढे पियानो ऐकू येत नाही.

नको ते आवाज रिख्तरकडेही आहेत. 1958 च्या फेब्रुवारीतल्या सोफियाच्या (बल्गेरिया) मैफलीत श्रोते सारखे खोकतात, रिख्तरचेही काही सूर निसटतात. पण तो खोकला लांबून येतो, आणि मैफलीला बसणाऱ्या आपल्या लोकांना त्याची सवय असते.

शिवाय आपल्यासारख्यांना रिख्तरची लय ओळखीची वाटेल. संगीतकार शूबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅट मेजर सोनाटाचा (अनेक भागांच्या पियानो-रचनेचा) पहिला भाग तो इतका संथ घेतो की तेवढ्यालाच वीसहून जास्त मिनिटं लागतात. पाश्चात्त्य श्रोते त्यावर अजून वाद घालतात. विलंबित ऐकणाऱ्याला त्यात अवघड काही नाही. 1957 मध्ये मॉस्कोला गेलेल्या गूल्डने हाच सोनाटा रिख्तरकडून ऐकला. शूबर्टमधल्या पुनरावृत्तीचा त्याला कंटाळा होता, तरी त्या रात्री तो भारल्यासारखा ऐकत राहिला, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे.

तेव्हा जमलं तर सुरुवात याच सोनाटापासून करा. बाखचा ओढा अनावर असेल, तर गूल्डचं 1955 चं गोल्डबर्ग घ्या. अडतीस-एक मिनिटांत संपतं, लय चढी आहे आणि गुणगुण निदान मला तरी कमी जाणवते. तेही थंडीत, कूलर बंद असताना, स्पीकरवर.