ट्रेकच्या सॅकमध्ये मोठं मेडिकल किट की छोटं?

पावसाळा तोंडावर आला की ग्रुपमधलं कोणीतरी विचारतंच, "दादा, फर्स्ट एड किट मोठं घेऊ की साधंच पुरे?" मी दोन्ही वापरली आहेत. मोठं चार वर्षं, छोटं गेली तीन. मी डॉक्टर नाही, प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला साधा ट्रेकर आहे, आणि बोलतोय तेही सह्याद्रीपुरतंच.

मोठं किट म्हणजे तीन घड्यांची पिशवी. टूर्निकेट (रक्त थांबवायला हात किंवा पाय दांड्याने पिळून आवळायचा पट्टा), रक्त थांबवणारी औषधी गॉझ, छातीच्या जखमेवर लावायचं सील, श्वासमार्गाची नळी, टाके घालायचा सेट, सलाईनच्या सुया, ऑक्सिमीटर. वजन दोन किलोच्या आसपास. ते घेतलं तेव्हा विचार एकच होता: अलंग-मदन-कुलंगच्या कातळावर कोणी पडलं तर १०८ ची गाडी पायथ्याच्या गावापर्यंतच येणार. तिथवर माणूस झोळीतून उतरवायला अर्धा दिवस जातो. तोवर आपल्या हातात काहीतरी हवं. हा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही.

पण त्या चार वर्षांत समोर काय आलं? मुरगळलेले घोटे, सोललेले गुडघे, पेटके, उन्हाने आलेली भोवळ, एकदा मनगटाचं हाड, एकदा आग्या मोहोळ. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या पिशवीने मला एकाच गोष्टीसाठी छळलं. ती उघडायला सपाट जागा लागते.

राजगडावरून चोर दरवाजाने गुंजवण्याकडे उतरत होतो. भुरभुर पाऊस. मैत्रिणीचा घोटा मुरगळला आणि ती रेलिंग धरून एका पायावर उभी राहिली. मागे उतरणाऱ्यांची रांग लागली. क्रेप बँडेज मधल्या घडीत, नळ्यांच्या मागे होतं. चेन पूर्ण उघडल्याशिवाय ती घडी उलगडत नाही, आणि उलगडली की सगळं सामान एकदम मोकळं होतं. पिशवी गुडघ्यावर तोलायला गेलो, तर सील आणि गॉझची पाकिटं घसरून चिखलात गेली. बँडेज हाताला लागलं ते एकच. दुसऱ्यासाठी जागाच उरली नव्हती. ते बांधेपर्यंत ती थंडीने कुडकुडायला लागली होती.

घरी सतरंजीवर तीच मांडणी मला किती व्यवस्थित वाटायची! घसाऱ्यावर आणि कातळटप्प्यावर हातभर सपाट जागा मिळत नाही, आणि माणसं पडतात ती तिथेच. मी पिशवीची मांडणी दोनदा बदलून पाहिली, पण अडचण सुटली नाही.

छोटं किट वरून उघडणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये आहे. क्रेप बँडेज तीन, त्रिकोणी बँडेज दोन, गॉझचे रोल, चिकटपट्टी, बेटाडीन, हातमोजे, कात्री, पॅरासिटामॉल, सिट्रिझीन, ओआरएसच्या पुड्या. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने काढता येतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

मोठ्यातलं काय सोडलं? टाक्यांचा सेट सर्वांत आधी. मातीने भरलेली जखम डोंगरावर शिवली तर घाण आतच राहते आणि पू धरतो. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून जोरात धार मारावी, स्वच्छ गॉझ लावून बांधावं. टाके दवाखान्यात काही तासांनी घातले तरी चालतात. ऑक्सिमीटर हिमालयात उपयोगी असेल, पण आपलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. सलाईनच्या सुया मला शिकलेल्या माणसाच्या हातातच बऱ्या वाटतात.

दोन गोष्टी मात्र मोठ्यातून छोट्यात आणल्या. एक, गुंडाळता येणारी फोम आणि ॲल्युमिनियमची पट्टी. मनगट मोडलं तेव्हा तिने जे काम केलं ते काठ्या बांधून झालं नसतं. दुसरी, टूर्निकेट. इथे थोडं सावध बोलतो. हातापायातून धार लागून रक्त जात असेल आणि दाबून थांबत नसेल, तर तिच्यासारखं साधन नाही. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि वेळ लिहून ठेवायची. पण स्वस्तातली नक्कल घेऊ नका. माझ्या पहिल्या टूर्निकेटचा दांडा घरी सराव करतानाच वाकला होता.

आणि साप चावला तर ती बाहेरसुद्धा काढू नका. फुरसं किंवा घोणस चावल्यावर "वर घट्ट आवळा" म्हणणारा कोणीतरी सोबत असतोच, आणि हाताशी साधन असलं की मोह होतो. आवळल्याने अवयव जाऊ शकतो. अंगठ्या-कडी काढायची, पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. प्रतिविष किटमध्ये ठेवायची गोष्ट नाही. विंचवासाठी प्रॅझोसिन ठेवू का, असंही विचारतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्या गोळीने कोकणात कितीतरी जीव वाचले, पण तिने रक्तदाब उतरतो. ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी.

मधमाश्यांच्या बाबतीत मात्र छोटं किट अपुरं पडतं, हे मान्य करतो. घसा आवळायला लागला तर सिट्रिझीनने जीव वाचत नाही, तिथे ॲड्रेनलिनच लागतं. कोणाला ॲलर्जी माहीत असेल तर त्याने आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन, मांडीत टोचायला शिकून ते जवळ ठेवावं. मोठ्या किटमध्येही ते आपोआप येत नाही.

तुम्ही दोरावरच्या चढाईचे गट नेत असाल, सोबत डॉक्टर किंवा नर्स असेल, तर मोठं किट जरूर न्या. ते मुक्कामाच्या जागी ठेवता येईल. बाकीच्यांना मी एवढंच सुचवेन की पाऊच भरा आणि पावसात, उभ्याने, डाव्या हाताने उघडून बघा. मोठ्या किटच्या वजनात छोटी दोन आरामात बसतात. आमच्या ग्रुपमध्ये आता एक सगळ्यांत पुढे चालणाऱ्याकडे असतं, दुसरं सगळ्यांत मागे असणाऱ्याकडे.