मेनस्टेज: सगळ्या पॅचना मिळून एकच रिव्हर्ब

ऐन गणपतीत ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज साऊंड सिस्टिमला देणारा डबा, बंद पडला. वॉरंटी शिल्लक होती, तरी सर्व्हिस सेंटरवाल्यांनी व्होल्टेजचं कारण पुढे करून बोर्डाचे पैसे मागितले. मी दिले नाहीत, अजून भांडतोय. तेव्हापासूनचे कार्यक्रम मॅकबुकच्या हेडफोन जॅकवर निभावले, आणि मेनस्टेजची, म्हणजे मॅकवर लाइव्ह कीबोर्ड वाजवण्यासाठीच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरची, खरी किंमत मला त्यात कळली.

जॅकला वाटा दोनच. एकीवरून माझा सगळा आवाज मोनोमध्ये साऊंडवाल्याला, दुसरीवरून क्लिक (लयीची टिकटिक) ड्रमरच्या कानात. अभंगाची पेटी, नाट्यपदाचा ऑर्गन, बासरी, संतूर, स्ट्रिंग्ज असे ढीगभर पॅच, म्हणजे तयार करून ठेवलेले आवाज. एकेकाचं आउटपुट बदलायचं म्हटलं तर रात्र गेली असती. पण माझं एकही वाद्य थेट आउटपुट १-२ ला जात नाही. सगळी बस १० वर (सॉफ्टवेअरच्या आतली सामायिक वाट) जातात आणि बस १० चा ऑक्स, म्हणजे त्या वाटेवरचा आवाज घेणारं चॅनल, कॉन्सर्टच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या पॅचच्या वर, बसवलेला आहे. त्या एका ऑक्सला मोनो आउटपुट १ दिलं, क्लिकला २ दिलं, झालं काम. रिव्हर्बच्या (आवाजाला घुमक देणाऱ्या इफेक्टच्या) ऑक्सचं आउटपुटही बस १० वरच ठेवा. वाद्य कुठेही वळवलं तरी सेंडवर (वाद्याचा थोडा आवाज रिव्हर्बकडे पाठवणारी फांदी) गेलेला त्याचा आवाज रिव्हर्बच्याच आउटपुटमधून बाहेर पडतो. रिव्हर्बचा ऑक्स १-२ ला जोडलेला राहिला, तर ड्रमरला क्लिकच्या जोडीला बासरीची आसही ऐकू येते.

आता रिव्हर्बबद्दल, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकलाय. क्रोमाव्हर्ब (मेनस्टेजमधलाच रिव्हर्ब) एकच, कॉन्सर्टच्या पातळीवर, ड्राय (मूळ आवाज) शून्य आणि वेट (घुमलेला आवाज) पूर्ण. कोणत्या वाद्याला किती हवा ते त्या त्या पॅचमधला सेंड ठरवतो. चार आवाजांच्या लेयरला चार रिव्हर्ब चालवावे लागत नाहीत, म्हणून माझा ८ जीबीचा जुना लॅपटॉप १२८ सॅम्पलच्या छोट्या बफरवरही (आवाज बाहेर पडण्याआधी साठवण्याची जागा) चटचट करत नाही. नवा घ्यायचा विचार मी सोडून दिला. दुसरा फायदा कानाला कळतो: आलापातला बासरीचा शेवटचा सूर सोडून मी स्ट्रिंग्जच्या पॅचवर जातो, तेव्हा तो ऑक्स जागचा हलत नाही आणि सुराची आस आपल्या चालीने विरते. त्या ऑक्सचा फेडर (आवाजाची पट्टी) मी कीबोर्डच्या एका नॉबला जोडलाय. बंदिस्त नाट्यगृहाची स्वतःचीच घुमक असते, तिथे नॉब खाली. मंडळाच्या उघड्या मंडपात आवाज कोरडा पडतो, तिथे वर. साऊंड चेकला एकदा फिरवला की सगळा कार्यक्रम सावरतो.

सुरुवातीला डिलेही (प्रतिध्वनीचा इफेक्ट) असाच एकच, सगळ्यांना सामायिक ठेवला होता. आता मत बदललंय. डिले गाण्याच्या टेम्पोला बांधलेला असतो. पुढच्या गाण्याचा टेम्पो आला की मागच्या गाण्याचे रेंगाळलेले प्रतिध्वनी वाकडेतिकडे होतात. म्हणून डिलेचा ऑक्स सेटच्या (पॅचच्या गटाच्या) पातळीवर घेतला, प्रत्येक गाण्याचा एक सेट. त्या सेटमधल्या सगळ्या पॅचना तो मिळतो, बाहेरच्यांना नाही.

मी मेनस्टेज घेतलं तेव्हा किंमत २९.९९ डॉलर होती. विंडोजवर चालत नाही, एवढं घेण्याआधी लक्षात असू द्या. आणि सेंड पोस्ट-फेडरच ठेवा, म्हणजे फेडरच्या नंतरचा; प्री-फेडर म्हणजे फेडरच्या आधीचा. व्हॉल्यूमचा पेडल फेडरला जोडलेला असेल आणि सेंड प्री-फेडर असेल, तर पेडलने वाद्य पूर्ण मिटवलं तरी त्याचा रिव्हर्ब गायकाच्या सुरावर घुमत राहतो.