वाहिनीवरची बातमी की मोबाइलवरची क्लिप? सीमाभागातल्या माणसानं आधी कुठं तक्रार करावी

चंदगडहून ताईचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या खडेबाजारात होतो. ‘अरे, गावात दगडफेक झाली म्हणे, सगळी बरी आहात ना?’ एका वृत्तवाहिनीवर तिनं आमच्या गावची यात्रा पाहिली होती. पालखीपुढची ढकलाढकली दाखवून खाली ‘सीमाभागात तणाव’ असं लिहिलं होतं. व्हिडिओ जुना होता. त्यात गल्लीच्या तोंडाशी लिंबाचं झाड दिसत होतं, आणि ते झाड आदल्या पावसाळ्यात पडलं होतं. रात्रीपर्यंत तेच दृश्य कन्नड मथळा लावून एका समाजमाध्यमावर फिरायला लागलं.

आधी पोलीस ठाणं, मग तालुक्याचं ऑफिस, असं करत मी आठ दिवस घालवले. तोवर वाहिनीविरुद्धची एक महत्त्वाची मुदत टळून गेली होती. तुमची ती टळू नये म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून सांगतो.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही एकच संस्था टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवते, आणि २०२३ च्या कायद्यानंतर समाजमाध्यमंही तिच्याकडेच आली. आपल्याकडे असं एक दार नाही. वाहिनी मुंबईची की बेंगळुरूची, यानंही फरक पडत नाही. प्रसारण हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे कर्नाटकात बसून मराठी वाहिनीबद्दल तक्रार करायला कुणाची आडकाठी नाही. आपल्याकडे भाषा आणि राज्य यांवरून प्रत्येक कामात ‘तिकडे जा’ ऐकायची सवय झाली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आधी वाहिनीचं बघू. केबल टेलिव्हिजनचा कायदा १९९५ चा आहे, पण तक्रारीची तीन पायऱ्यांची रीत जून २०२१ मध्ये नियमांत आली. पहिली पायरी वाहिनीची स्वतःची. तिनं चोवीस तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, आणि शेवटी माहिती व प्रसारण मंत्रालय. बातम्यांच्या वाहिन्यांसाठीची सर्वांत परिचित संस्था म्हणजे न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी. माझी चूक झाली ती हिच्या नियमात: प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीला लिहिलेलं असावं लागतं. शिवाय सगळ्या वाहिन्या तिच्या सदस्य नाहीत, काहींची संस्था वेगळी आहे. तेव्हा ती वाहिनी कुणाच्या यादीत आहे हे आधी पाहून घ्या.

हाती काय लागतं? ताकीद, पडद्यावर माफी, संकेतस्थळावरून व्हिडिओ काढायचा आदेश, आणि दंड, जो २०२३ मध्ये फार तर १ लाख रुपये होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच हा दंड तोकडा असल्याचं म्हटलं होतं. माझंही मत तेच. तरीसुद्धा गावाची बदनामी ज्या पडद्यावर झाली त्याच पडद्यावर ‘आम्ही चुकलो’ असं येणं, याची किंमत मला दंडाहून मोठी वाटते. ती माफी फक्त या वाटेनं मिळू शकते.

समाजमाध्यमाचं गणित निराळं. वाहिनी बातमी स्वतः बनवते, म्हणून तिला थेट जबाबदार धरता येतं. समाजमाध्यम मात्र ‘हे आमचं नाही, लोकांनी टाकलेलं आहे’ म्हणतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नं त्याला ते संरक्षण दिलेलं आहे. अट एवढीच की नियम पाळायचे. २०२१ च्या नियमांनुसार त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचा तो अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. मूळ नियमात निकालासाठी १५ दिवस होते. या मुदती दुरुस्त्यांनी बदलत राहतात, म्हणून लिहायला बसाल त्या दिवशीचा नियम बघा. अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे जाता येतं. ही समिती २०२३ पासून आहे, सगळं काम ऑनलाइन, दिल्लीला हेलपाटा नाही.

इथं माफी मिळत नाही. क्लिप निघते, तीही तुम्ही दिलेल्या पत्त्यावरची (लिंकवरची). दुसऱ्या कुणी तीच परत टाकली की त्या पत्त्याची वेगळी तक्रार. पण आमच्याकडे एखादी क्लिप तासाभरात निपाणीपासून खानापूरपर्यंत पोचते, तेव्हा ती आजच्या आज खाली येणं हेच पहिलं काम असतं. क्लिप एखाद्या वृत्तसंस्थेच्या स्वतःच्या पानावर असेल, तर त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा, २०२१ च्या नियमांत डिजिटल बातम्यांसाठी वेगळी आचारसंहिता आहे.

गावच्या केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर भडक काही लागलं असेल, तर या दोन्ही वाटा सोडा आणि सरळ डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, गाठा. १९९५ च्या कायद्याचं कलम १९ फार थोड्यांना माहीत असतं. धर्म, जात, प्रदेश किंवा भाषा यांवरून गटागटांत वैर वाढवणारा कार्यक्रम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त थांबवू शकतात. कायद्यात भाषिक गटांचा उल्लेख स्पष्ट आहे. अर्जात तो शब्द आवर्जून घाला. वर्तमानपत्राचं असेल तर प्रेस कौन्सिल, तो विषयच वेगळा.

मग आधी कुठं? दोन्हीकडे दिसलं असेल तर त्याच तासाला समाजमाध्यमाकडे आणि त्याच आठवड्यात वाहिनीकडे. फक्त टीव्हीवर दिसलं असेल तर दिवस मोजत राहा आणि पुरावा आधी जमवा. वाहिनीला रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवायचं बंधन आहे. शेजाऱ्याच्या टीव्हीवर पुनःप्रसारण लागलं असेल तर मोबाइलवर घ्या, कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह आणि वेळ दिसू द्या. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढंच लिहिलं तर कुणी हलत नाही. काय खोटं आहे आणि ते कशावरून, हे लिहा.

शेवटी मीही तसंच केलं. समाजमाध्यमाला पाठवलेल्या तक्रारीत लिंब पडला त्या दिवशीचा फोटो जोडला, झाडाखाली दबलेल्या विजेच्या तारांसकट, आणि शेजारी क्लिपमधलं तेच झाड उभं असलेलं दृश्य. ती क्लिप चौथ्या दिवशी निघाली. वाहिनीच्या माफीची मुदत मात्र केव्हाच गेली होती, आणि ताईच्या शेजारणी अजून तिला विचारतात, तुमच्या माहेरी सगळं शांत झालं का?