गोळी आधी की देखरेख आधी?

लातूरच्या वसतिगृहात नीटची तयारी करणारा मुलगा. कुणीतरी नावाने हाक मारतंय, मेसमधली पोरं आपल्याबद्दलच बोलतायत, असं त्याला वाटतं. पण 'कदाचित भास असेल' असंही तो म्हणतो. ही शंका शाबूत आहे, तोवर ती धोक्याची पायरी आहे, सायकोसिस (भास-संशय खरेच वाटून वास्तवाशी नातं तुटणं) नव्हे. अशा मुलांपैकी तीन वर्षांत साधारण चौथा हिस्साच पुढे आजारी पडतो.

म्हणून पहिला मान देखरेखीला. आठवड्याला एक बैठक, साधारण सहा महिने, विचार-वर्तन उपचार पद्धतीने. सोबत झोप, चिंता, उदासी यांवर उपचार आणि गांजा पूर्ण बंद. अडचण अशी की प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो आणि दोन-तीन बैठकांनंतर बरं वाटलं की येणं थांबतं. लक्षणं मात्र तीन वर्षांपर्यंत तपासत राहावी लागतात.

अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरची गोळी सोपी वाटते. पण या टप्प्यावर ती आजार टाळते याचा भक्कम पुरावा नाही, आणि वजन, साखर वाढते, हातपाय आखडतात. 'हे खरंच आहे' अशी मुलाची खात्री पक्की झाली, भास-संशय सलग आठवडाभर टिकले, तर मात्र गोळी लांबवू नका; उशीर झाला की सुधारणा अवघड होते. सुरुवातीला डोस कमीच. वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी आधी आणि तीन महिन्यांनी तपासा.

घरचे 'बाहेरचं' म्हणून देवऋषीकडे नेत असतील तर भांडू नका, दवाखानाही सोबत सुरू ठेवा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. जीव देण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी न्या.